जुकी १५४१, सेकंडहँड, धारावी: सात महिने वापरल्यावर

नव्याचे नऊ दिवस सरू दिले, म्हणून उशिरा लिहितेय. जुकी १५४१ हे जाड चामडं शिवायचं मशीन आणि ते घेतलं ते धारावीतलं दुकान, दोन्हींबद्दल.

मी कुर्ल्याला नेहरूनगरात राहते. अकरा वर्षं एका बॅगांच्या कारखान्यात सॅम्पल बनवायचे. तो बंद झाल्यापासून घरीच ऑर्डरी घेते: लॅपटॉप बॅगा, पट्टे, डायरीची कव्हरं. तीन वर्षं सगळं हाताने शिवलं. आरीने भोकं, दोन सुया, मेण लावलेला दोरा. एका स्लिंग बॅगेला दीड दिवस जायचा. गेल्या दिवाळीत एका ऑफिसने साठ बॅगा मागितल्या आणि मला नाही म्हणावं लागलं. ते फार लागलं जिवाला.

घरातल्या साध्या मशीनवर चामडं शिवत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. लोक फसतात ते गारमेंटच्या मशीनला. जुन्या बाजारात डीडीएल ८७०० सारख्या सरळ टाक्याच्या मशीनचे ढीग पडलेले असतात, भावही सोसवणारा. कागदावर मिनिटाला साडेपाच हजार टाके. पण त्यात माल फक्त खालचे दाते ओढतात, वरचा पाय नुसता दाबून बसतो. पातळ अस्तराला ठीक. जाड चामडं वर पायाला चिकटतं, खालचा थर पुढे निघून जातो, आणि शिलाई संपते तेव्हा दोन कडा एकमेकींशी भांडलेल्या. चामड्याला असं मशीन हवं की ज्यात खालचे दाते, सुई आणि वरचा पाय तिघं एकदम पाऊल टाकतात. जुकीच्या डीएनयू १५४१ मध्ये तेच आहे. टाका ९ मिलिमीटरपर्यंत लांब होतो आणि गुडघ्याने पाय १६ मिलिमीटर उचलतो. वेग मिनिटाला जास्तीत जास्त २५००. मला त्यातले तीनशेही लागत नाहीत.

दुकान संत रोहिदास मार्गावरून आत, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं अशा गल्लीत. जेमतेम खोलीएवढा गाळा आणि त्यात जमिनीपासून छतापर्यंत मशीनची हेडं. मालक बोलायला गोड. २०१५ ला गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांपर्यंत आला आणि पुढे करोना, तेव्हा बंद पडलेल्या युनिटांतला हा माल, असं त्याने सांगितलं. म्हशीच्या कातड्यावर बाकीच्यांचं चालू आहेच.

"ताई, हे घ्या. लोणी आहे लोणी."

रंग नवा कोरा, बेड (माल ठेवायचा खालचा सपाट भाग) चकाचक. पोऱ्याने दोन थर खाली सरकवले, पायडल पूर्ण दाबलं आणि सर्रकन हातभर शिलाई काढून माझ्या हातात दिली. टाका सरळ, एकसारखा. खरं सांगते, मी पर्स उघडलीच होती. पण स्क्रूंकडे नजर गेली. स्क्रूच्या खाचांत रंग भरला होता. म्हणजे आतलं काही न उघडता वरून स्प्रे मारलेला.

मी घरून माझाच तुकडा नेला होता. खांद्याच्या पट्ट्याचं टोक, दोन मिलिमीटरचं म्हशीचं चामडं: आधी दोन थर, कडी अडकवायला दुमडलं तिथे चार, पुढे परत दोन. म्हटलं, यावर चालवा, आणि हळू चालवा. पोऱ्या हसला. क्लच मोटर ती, पायडल न दाबताही घुमत असते आणि अर्धवट दाबलं की उडी मारते. त्याला हळू जमेना. मग मीच बसले, मोटरचा पट्टा उतरवायला सांगितला आणि चाक हाताने फिरवत एकेक टाका टाकला. दोन थरांवर झकास. चाराच्या चढावर चढताना एक टाका सुटला. उतरताना आणखी एक.

मालक म्हणाला दोरा खराब. दोरा बदलला. मग म्हणाला सुई. तीही बदलली. टाका सुटायचा तिथेच सुटला.

हे का होतं ते सांगते, कारण दुकानात कुणी सांगत नाही. सुई तळ गाठून वर निघाली की दोरा तिच्यामागे बारीकसा फासा धरतो. बेडखाली फिरणाऱ्या हुकचं टोक नेमकं त्याच क्षणी येऊन तो फासा उचलतं. टोक झिजलं असेल किंवा टायमिंग हललं असेल तरी सपाट मालावर भागून जातं. चढावर सुई जराशी वाकते, फासा केसभर लांब जातो आणि हुक रिकामं फिरतं. सपाट तुकड्यावर पळवून दाखवलेल्या मशीनमधून यातलं काहीही दिसत नाही. दुकानात सगळे वेग दाखवतात. आपण चढ दाखवायचा.

मागच्या रांगेत आणखी एक १५४१ होतं. पांढऱ्याचं पिवळं झालेलं, टेबलाची कड सिगारेटने जळलेली, आणि बेडवर कुणीतरी टोच्याने 'माधुरी' असं कोरलेलं. मालक ते दाखवायलाच तयार नव्हता. सुईचा दांडा धरून हलवला, जराही ढिला नाही. चाक फिरवलं, कुठे अडलं नाही. माझ्या तुकड्यावर तीन वेळा चढलं, तीन वेळा उतरलं, एकही टाका सुटला नाही. उलटा टाका सरळ टाक्याच्या त्याच भोकांत पडत होता.

८२ हजार सांगितले. टेबल-स्टँडसह ६८ ला पटलं. मोटर मात्र मी घेतली नाही, कारण केबल बघितली तर थ्री फेज. कारखान्यातून सुटलेल्या मशीनवर अशा मोटरी असतात आणि घरातल्या सिंगल फेजवर त्या चालत नाहीत. विचारलं तर म्हणतो, "ते होतं ॲडजस्ट." काय ॲडजस्ट होतं? वजा करायला लावले दोन हजार आणि ५५० वॅटची सर्व्हो मोटर बाहेरून ५,८०० ला आणली. ही खर्चाची गोष्ट नाही, गरजेची आहे. पायडल दाबेपर्यंत मोटर गप्प असते आणि वेग इतका खाली आणता येतो की कोपऱ्यावर टाके मोजता येतात. खालच्या काकूंची दुपारची झोपही शाबूत राहिली.

आता तक्रार. दुकानात चाचणी घेतली तेव्हा मशीनला गुळगुळीत पाय होते, आतला आणि बाहेरचा दोन्ही. भाऊजींच्या टेम्पोतून माल घरी आला, चौघांनी जिन्यातून चढवला, आणि बघते तर पाय बदललेले. बाहेरच्याला खालून करवतीसारखे दाते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे हे ऐकलं होतं, शिलाई मशीनचेही असतात हे कळलं. जाड कॅनव्हासला ते पाय बरे. व्हेज टॅन, म्हणजे झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर मात्र टाक्याच्या दोन्ही बाजूंनी असे वळ उठतात की जणू उंदराने चालून बघितलंय. पहिल्याच डायरी कव्हरचे तीनशे रुपयांचे चामडे वाया. फोन केला, "चुकून झालं ताई, पाठवतो." शेवटी ८५० ला नवे गुळगुळीत पाय मीच घेतले. तुम्ही जाल तेव्हा मशीनचा नंबर लिहून घ्या आणि पायांसकट फोटो काढा.

मशीनबद्दल मात्र एक शब्द वावगा नाही. पहिल्याच आठवड्यात दोऱ्याची शेपटी धरायला विसरले, ती खाली ओढली गेली, गुंता झाला आणि खटकन आवाज होऊन सगळं थांबलं. चाक फिरतंय पण खाली काही हलत नाही. माझे हातपाय गार. मेकॅनिकला फोन लावणार, तेवढ्यात कारखान्यातलं आठवलं: नावापुढे 'एस' असलेल्या १५४१ ला सेफ्टी क्लच असतो, हुक अडकलं की तो सुटतो म्हणजे हुक वाचतं. गुंता कापून काढला, बेडवरचं बटण दाबलं आणि चाक जोर लावून फिरवलं. टक. जुळलं. तेव्हापासून पहिल्या तीन टाक्यांना दोन्ही दोरे बोटांत धरूनच ठेवते.

सुया १३५ x १६ घ्या, त्यांचं टोक चामडं कापत जातं. १३५ x १७ ही याच मापाची, पण कापडाची. दुकानदार 'एकच आहे' म्हणून ती गळ्यात मारतात. मशीनला बसते, म्हणून लक्षात येत नाही. बॅगांना मी २० नंबरचा बाँडेड नायलॉन दोरा आणि २२ ची सुई वापरते, पाकिटांना ४० नंबर आणि १८ ची सुई. सुईचा नंबर वाढला की ती जाड होते आणि दोऱ्याचा वाढला की तो बारीक होतो, हे उलटं गणित कुणी केलं देव जाणे. तेल घातल्यावर पहिली हातभर शिलाई रद्दी तुकड्यावर काढा, नाहीतर डाग चामड्यात उतरतो आणि मग जात नाही. कोपरा वळवताना सुई तळातून जराशी वर निघाली की मगच पाय उचला. अगदी तळाशी असताना वळवलंत तर पुढचा टाका सुटण्याची भीती.

एक गोष्ट याला जमत नाही, आणि तो याचा दोष नाही. बेड सपाट आहे. बॅगेची बाजूची पट्टी उभी लागली की तयार डबा सपाट बेडवर कसा बसणार? त्याला दंडगोल बेडचं मशीन लागतं. चपला-बुटांच्या दुरुस्तीला तर सिंगरचं २९ के, ज्याचा पाय गोल फिरतो. माझी बाजूची पट्टी अजून आरी आणि दोन सुयांवरच आहे. तरी स्लिंग बॅग दीड दिवसावरून साडेतीन तासांवर आली.

मशीनला मी पाचपैकी पाच देईन. दुकानाला तीन, तेही त्याने मला तासभर चाक फिरवू दिलं म्हणून. गुळगुळीत पायांचं काय झालं म्हणून परवा पुन्हा फोन केला. म्हणाला, "मंगळवारी नक्की." सात महिन्यांतला हा चौथा मंगळवार.