ओलं खोबरं की कच्चे शेंगदाणे?

भाचीचा प्रश्न: रोजच्या खाण्यात ओलं खोबरं ठेवू की भिजवलेले कच्चे शेंगदाणे?

प्रथिनांत बरोबरी नाहीच. 100 ग्रॅम कोरड्या दाण्यांत सुमारे 25 ग्रॅम, खोबऱ्यात जेमतेम 3. तंतू दोन्हींत 8-9 ग्रॅम. स्निग्धांश दाण्यांत जास्त, पण बहुतांश असंतृप्त. खोबऱ्यातला बहुतेक संतृप्त, म्हणजे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढवणारा. ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ खोबरं म्हणून मिरवतात, ते खरं. पण कोलेस्टेरॉल दाण्यांतही नसतंच की!

फोडलेला नारळ उन्हाळ्यात बाहेर दिवसभरही धड राहत नाही. खवून फ्रीजरमध्ये टाकावा. दाणे बरेच टिकतात, मात्र दमट हवेत बुरशी धरतात. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे फेकायचेच. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि भाजूनही ते पुरतं जात नाही. मेहनत? नारळ खवण्यापेक्षा दाणे भिजत घालणं केव्हाही सोपं.

शाकाहारी असाल, व्यायाम करत असाल किंवा होस्टेलवर राहत असाल, तर मूठभर दाणे. दाण्यांची ॲलर्जी असेल तर अर्थात खोबरं. एलडीएल वाढलेलं असेल तर दाणेच घ्या, खोबरं पोह्यांवर भुरभुरण्यापुरतं. सोलकढी मात्र दाण्यांची होत नाही, तिथे नारळच फोडा.