फुकटातलं व्याख्यान आणि वादाचा वक्ता: खान्देशातल्या शाळांना काय मिळतं, काय परवडतं

मुख्याध्यापकांच्या टेबलावर येणारं पत्र बहुतेक एकाच साच्याचं असतं. विषय ‘आई-वडील, संस्कार आणि यश’, इयत्ता आठवी ते दहावी, वेळ दीड तास, साउंड सिस्टीम आमची, कार्यक्रम संपूर्णपणे मोफत. चोपडा, शहादा, शिरपूर, पाचोरा, गाव कोणतंही असो, दिवाळीनंतर अशी पत्रं सुरू होतात. मुख्याध्यापक सही करतात, कारण यात वाद नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचं पत्र आलं की मात्र तेच मुख्याध्यापक संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावतात. सेवा म्हणून दोन्ही तपासल्या तर हिशेब उलटा लागतो.

आधी हा मोफत प्रकार. पहिली वीस मिनिटं बरी जातात: विनोद, टाळ्या, मोबाईलवर चार टोले. मग वक्ता मुलांना डोळे मिटायला सांगतो, मागे बासरी किंवा पियानो लागतो आणि ‘तुझी आई आज नाही अशी कल्पना कर’ हे सुरू होतं. पाच मिनिटांत निम्मं सभागृह हुंदके देतं. शिक्षकांना वाटतं, कार्यक्रम मनाला भिडला. पण त्याच रांगेत आई खरोखर गेलेली मुलगी बसलेली असते, आणि बाप दारू पिऊन मारतो तो मुलगाही. आश्रमशाळेत तर ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची मुलं असतात, त्यांना आई सहा-सहा महिने दिसत नाही. रडवणं हेच या पॅकेजचं मुख्य यंत्र आहे, आणि रडून झाल्यावर मुलाजवळ बसायला त्यांच्याकडे माणूस नसतो. गाडी पुढच्या शाळेला निघालेली असते.

निघण्याआधी दोन गोष्टी होतात. एक, पुस्तक किंवा स्मरणशक्तीच्या कोर्सची कुपनं. दुसरी, ‘अभिप्राय फॉर्म’. त्यात अभिप्रायाला एक ओळ आणि नाव, इयत्ता, पालकांचा मोबाईल, दहावीनंतर काय करणार याला पाच ओळी. मोफत कार्यक्रमाची किंमत ती हीच. पुढे मे महिन्यात क्लासवाल्यांचे फोन पालकांना कुठून येतात, हे वेगळं सांगायला नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितलेली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी शाळेच्या आवारात शाळेनेच मुलांचे नंबर गोळा करून परक्याच्या हाती द्यावेत, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो?

तिसरा धोका शपथेचा. हात पुढे करून सगळ्यांनी म्हणायचं. फेब्रुवारी २०२० मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मुलींना प्रेमविवाह न करण्याची शपथ दिली गेली आणि राज्यभर गाजली. संस्कारवाल्या कार्यक्रमात शपथ ठरलेलीच असते आणि तिचा मजकूर शाळेने आधी पाहिलेला नसतो. ज्या मुलाला म्हणायची नाही त्याने काय करायचं? केरळमधल्या तीन भावंडांचा १९८६ चा निकाल इथे आठवावा. राष्ट्रगीताला ती उभी राहत, पण धर्माच्या कारणाने गात नसत, म्हणून शाळेने काढलं. सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत जर आदराने उभं राहून गप्प बसण्याची मुभा असेल, तर पाहुण्याच्या शपथेची काय कथा.

आणि ‘यात वाद नाही’ या समजुतीचं काय होतं, ते चेन्नईत सप्टेंबर २०२४ मध्ये दिसलं. सरकारी शाळेत बोलावलेला प्रेरणादायी वक्ता पूर्वजन्मीच्या पापामुळे अपंगत्व येतं असं बोलून गेला. एका अंध शिक्षकाने तिथेच हरकत घेतली, शब्दाला शब्द वाढला. वक्त्याला अटक झाली आणि बोलावणाऱ्या मुख्याध्यापिकांची बदली झाली. त्यांनी काही वादग्रस्त माणूस बोलावला नव्हता. काय बोलणार हे विचारलं नव्हतं, एवढंच.

आता ज्याला घाबरतात तो प्रकार. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे किंवा त्या वळणाचे कार्यकर्ते ‘चमत्कारामागचं विज्ञान’ घेऊन येतात. यात दाखवण्यासारखं असतं, म्हणून मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. नाहीतर अर्ध्या व्याख्यानांत तिकडून ‘हाऊ काय सांगी राह्यना भो?’ एवढंच ऐकू येतं. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडली की ‘रक्त’ होतं, ते मुलंच करून बघतात. नारळातून आग निघते ती पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडल्यामुळे. हा प्रयोग फसतो तो ठरलेल्या कारणांनी: पूड जाड राहिली, ग्लिसरीनमध्ये पाणी मिसळलेलं होतं, किंवा डिसेंबरात सकाळी सातच्या थंडीत केला. मग काहीच होत नाही, वक्ता वाकून बघायला जातो आणि नेमका तेव्हाच भडका उडतो. म्हणून पूड बारीक कुटलेली, चमचाभरच, ग्लिसरीनचे थेंब मोजके, खाली पत्रा, शेजारी वाळूची बादली आणि पहिली रांग दोन मीटर मागे. काही जण परमँगनेटऐवजी नारळात सोडियमचा तुकडा ठेवून वर पाणी घालतात. ते शाळेत करू देऊ नये. सोडियम पाण्यात उडतो आणि डोळ्यात जातो. जिभेवर कापूर जाळायचा प्रयोग कार्यकर्त्याने करावा, मुलाला पुढे बोलावून नाही. घरी जाऊन करणारा एक तरी निघतोच.

यावर हरकत येते ती ‘देवाधर्माविरुद्ध बोलतात’ ही. तिला उत्तर कायद्याच्या मजकुरातच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हात लावलेला नाही. अंगात आल्याचं भासवून मारहाण, भूत उतरवण्याच्या नावाखाली छळ, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, अशा ठरावीक गोष्टी गुन्हा आहेत. नंदुरबारच्या डोंगरात तर बाईला डाकीण ठरवून मारण्याचा प्रश्न पुस्तकी नाही, त्यामुळे अक्राणी-अक्कलकुव्यात या कार्यक्रमाचं मोल जळगाव शहरापेक्षा कितीतरी जास्त आहे. तिथे वाद होणार हे धरूनच चाला. ज्या घरातल्या बाईला डाकीण म्हटलं गेलं त्या घरचं पोर समोर बसलेलं असू शकतं, आणि म्हणणाऱ्या घरचंही. गावाचं, पाड्याचं नाव घ्यायचं नाही, ही अट वक्त्याला आधी सांगावी. चांगला कार्यकर्ता ती स्वतःच पाळतो.

सातपुड्यात दुसरी अडचण भाषेची. पुण्याच्या मराठीत चाळीस मिनिटं बोललेलं पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आठवीच्या मुलापर्यंत फार थोडं पोचतं. शाळेतल्या स्थानिक शिक्षकाने मधे मधे सांगायचं ठरवलं तर वक्त्याला वीस मिनिटांचाच मजकूर आणायला सांगा, कारण वेळ दुप्पट लागतो. वक्त्याची भाषांतरासाठी थांबायची तयारी नसेल तर सरळ दुसरा बघावा. इकडे अमळनेर-पारोळ्यात अहिराणी सगळ्यांना कळते, पण वक्त्याने ओढूनताणून दोन वाक्यं अहिराणीत फेकली की मुलं हसतात आणि मुद्दा वाहून जातो.

सरकारी पर्याय विसरले जातात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुक्याच्या समितीला पत्र दिलं की वकील येतात, पैसे लागत नाहीत, विकायला काही आणत नाहीत. मजकूर पक्का, बोलणं मात्र बरेचदा कलमवाचन. त्यांना विषय बारीक करून द्यावा: ‘बालविवाह ठरला तर कोणाला कळवायचं’ हे चालेल, ‘बालकांचे हक्क’ नको. पोलिसांच्या पथकाचं व्याख्यान पोक्सोवर, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यावर असतं आणि ऐकण्यासारखं असतं, फक्त सावध राहायचा सगळा उपदेश मुलींनाच होणार नाही, मुलांनाही तेवढाच वेळ मिळेल, हे आधीच बोलून घ्या. मुली वेगळ्या बसवून त्यांना फक्त घाबरवून सोडलं तर पुढच्या वेळी त्या काही सांगायलाच येत नाहीत.

धर्माविषयी बोलणारा वक्ता आला की शाळेचा प्रकार बघावा लागतो. जिल्हा परिषद, नगरपालिका, शासकीय आश्रमशाळा, म्हणजे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणारी शाळा असेल, तर संविधानाच्या कलम २८ प्रमाणे तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. विषय संपला. अनुदानित खासगी शाळेत सक्ती करता येत नाही, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते. पण धर्मांविषयी माहिती देणं हे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं आहे. ओळखायची सोपी खूण: वक्ता ‘अमुक लोक असं मानतात’ म्हणतो की ‘आपण असं मानलं पाहिजे’? दुसरं वाक्य सुरू झालं की अध्यक्षांनी घड्याळ दाखवावं.

राजकीय किंवा इतिहासावर तापणारा वक्ता? इथे शाळा दोन टोकं गाठतात: एकतर आमदारांचा शब्द म्हणून येऊ देतात किंवा ‘राजकारण नको’ म्हणून सगळंच बंद. दुसरं टोकही टिकत नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यात एका शिक्षकाने राज्यशास्त्राच्या वर्गात डेमोक्रॅट, रिपब्लिकन, अतिउजव्या गटाचा आणि कम्युनिस्ट असे चारही वक्ते एकामागून एक ठरवले. कम्युनिस्टाचं नाव ऐकून गाव पेटलं, शाळा मंडळाने राजकीय वक्त्यांवर सरसकट बंदी घातली. १९७६ मध्ये न्यायालयाने ती बंदी रद्द केली. आपल्याकडे तो कायदा लागू नाही. संविधानाच्या कलम १९ मधल्या भाषणस्वातंत्र्याच्या आधारावर बाहेरच्या कुणालाही शाळेच्या माईकवर हक्क सांगता येत नाही, आणि शाळेने बोलावलं तरी धर्माधर्मांत तेढ लावणारं बोलणं भारतीय न्याय संहितेच्या १९६ आणि २९९ कलमांखाली येतं. पण त्या शिक्षकाची पद्धत उचलण्यासारखी आहे: एकटा वक्ता बोलावू नका, मालिका ठरवा आणि चारही नावं एकाच पत्रात पालकांना कळवा. अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि त्याला पर्याय म्हणून भरणारं विद्रोही साहित्य संमेलन एकाच वेळी भरली होती. गावाला दोन्ही पचली. आचारसंहिता लागू असताना मात्र यातलं काहीही नको.

कोणतीही सेवा घेतली तरी कागद पंधरा दिवस आधी हवा. वक्त्याकडून एक पानाचा मजकूर-आराखडा, दाखवायच्या चित्रफिती, शपथ असेल तर तिचे शब्द, आणि विक्री, फॉर्म, चित्रीकरण नाही याला लेखी होकार. जो ‘मी उत्स्फूर्त बोलतो’ म्हणतो त्याला नम्रपणे नाही म्हणा. आराखडा पालक-शिक्षक संघासमोर ठेवा, इतिवृत्तात नोंद घ्या. गोंधळ झाला तर मुख्याध्यापकाच्या हातात ती एकच ढाल असते. नको म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला ग्रंथालयात बसवा, वर्गाबाहेर उभं करू नका. दिवस निवडताना कापूस वेचणीचे दिवस टाळा, हजेरी निम्मी असते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये दहानंतर ठेवू नका. चाळीस मिनिटांच्या तासिकेत सत्कार, शाल-श्रीफळ आणि परिचय यांत बारा मिनिटं जातात, ते तासिका संपल्यावर ठेवा. बोलणं पंचवीस, प्रश्न पंधरा.

प्रश्न चिठ्ठीवर घ्या, नाव नको. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या आणि प्रत्येकाने ती परत टाकायचीच, रिकामी असली तरी, म्हणजे कोणी लिहिलं ते कळत नाही. वक्त्याच्या विरोधातला प्रश्न आधी वाचा. तिथेच कळतं पाहुणा कसा आहे. रडवणारे आणि तापवणारे दोघंही इथे हमखास अडतात.

चिठ्ठ्या जागेवर फाडू नका, शिक्षिकेने त्या सगळ्या त्याच दिवशी वाचाव्यात. पोक्सोच्या किंवा बालविवाहाच्या व्याख्यानानंतर एखाद्या चिठ्ठीत प्रश्न नसतो, घडलेलं असतं. अशी चिठ्ठी टेबलाच्या खणात ठेवायची मुभा मुख्याध्यापकाला नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुलासाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. म्हणून सेवा ठरवताना एक प्रश्न मानधनाच्याही आधी विचारावा: कार्यक्रम संपल्यावर तुमचा माणूस शाळेत दोन तास थांबेल का? विधी सेवावाले आणि कार्यकर्ते बहुधा थांबतात. मोफतवाल्यांची पुढची शाळा साडेबाराची असते.