राफेल, टायफून की ग्रिपेन: घेणाऱ्याने काय पाहावे

समजा, एखाद्या मध्यम आकाराच्या देशाला जुनी एफ-१६ किंवा मिग निवृत्त करून दोन-तीन स्क्वाड्रन नवी लढाऊ विमाने घ्यायची आहेत. अमेरिकेचे एफ-३५ परवडत नाही, किंवा राजकीय कारणांनी नको आहे. मग युरोपच्या बाजारात तीन नावे उरतात: फ्रान्सचे राफेल, चार देशांचे युरोफायटर टायफून आणि स्वीडनचे ग्रिपेन ई. तिन्हींचे पंख त्रिकोणी, तिन्हींना पुढे छोटे कॅनार्ड (नाकाजवळचे जादा पंख) आणि तिन्हींवर मिटिऑर हे लांब पल्ल्याचे हवेतून हवेत मारा करणारे क्षेपणास्त्र बसते. मग कोणते विमान भारी यावर रात्री जागवायला आपल्याकडे लोक तयार असतातच. पण घेणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. उद्या संकट आले तर हे विमान मला माझ्या मर्जीने उडवता येईल का?

आधी टायफून. सोव्हिएत विमाने उंचावर गाठून पाडायची, मुख्यतः या कामासाठी ते आखले गेले आणि आजही तो स्वभाव सुटलेला नाही. त्याची दोन ईजे-२०० इंजिने आफ्टरबर्नरसह (म्हणजे जादा इंधन जाळून) प्रत्येकी ९० किलोन्यूटन बळ देतात. राफेलच्या एम-८८ चे बळ ७५. टायफून माख २ म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेग गाठते, राफेल १.८. वरच्या थरातून आणि जास्त वेगाने सोडलेले क्षेपणास्त्र लांब जाते, म्हणून हा फरक निव्वळ कागदावरचा नाही. जमिनीवर मारा करण्याची पूर्ण तयारी मात्र उशिरा झाली. ब्रिटनने २०१९ मध्ये टोर्नेडो निवृत्त करण्याच्या सुमारास स्टॉर्म शॅडो आणि ब्रिमस्टोन ही क्षेपणास्त्रे टायफूनवर बसवली. रडारचीही तीच गत. राफेलवर अँटेना न हलवता किरण वळवणारे एईएसए रडार २०१२-१३ पासून येऊ लागले, तर टायफूनचे बहुतेक ताफे त्यानंतरही कितीतरी वर्षे यांत्रिक अँटेनाच्या रडारवरच चालले. वापरलेले टायफून स्वस्तात मिळत असेल, तर ते पहिल्या ट्रांशचे, म्हणजे उत्पादनाच्या पहिल्या टप्प्याचे, आहे का, हे आधी विचारा. त्या विमानांना आधुनिक करणे खर्चाच्या मानाने परवडत नाही.

टायफूनची खरी अडचण त्याच्या मालकांच्या संख्येत आहे. ब्रिटन, जर्मनी, इटली आणि स्पेन या चौघांपैकी एक जरी अडून बसला तरी विक्री थांबते. सौदी अरेबियाला आणखी टायफून विकायला जर्मनीचा विरोध होता, तो जानेवारी २०२४ मध्ये मावळला. तुर्कस्तानलाही आधी बर्लिनचा होकार मिळवावा लागला. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये २० विमानांचा करार झाला. शेजाऱ्याशी तुमचे भांडण असेल आणि त्यावर जर्मन संसदेत मतभेद असतील, तर हा मुद्दा माख २ पेक्षा मोठा ठरतो.

फ्रान्स १९८५ मध्ये याच सामायिक प्रकल्पातून बाहेर पडला. त्याला विमानवाहू नौकेवरून उडणारे आणि सगळी कामे एकट्याने करणारे विमान हवे होते. राफेलचे रिकामे वजन सुमारे १० टन आणि बाहेरून वाहून नेण्याची क्षमता ९.५ टन, म्हणजे जवळजवळ स्वतःइतके ओझे. हवाई लढाई, जमिनीवरचा मारा, टेहळणी, जहाजविरोधी एक्झोसेट आणि फ्रान्सचे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र ही सगळी कामे एकाच ढाच्यात बसतात. स्पेक्ट्रा ही इलेक्ट्रॉनिक युद्धाची प्रणाली विमानाच्या अंगातच बसवलेली आहे. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये गोव्यात आयएनएस हंसा या नौदल तळावरच्या स्की-जंपवरून (टोकाला वर वळलेल्या धावपट्टीवरून) राफेल एम ही नौदलाची आवृत्ती उडवून दाखवले गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ विमानांचा करार झाला. एकाच प्रकारचे विमान घेऊन सगळे भागवायचे असेल, तर माझे मत राफेलच्या बाजूने आहे.

त्याची किंमत मात्र हलकी नाही. भारताने २०१६ मध्ये ३६ विमाने, शस्त्रे, सुटे भाग आणि खास बदल यांसाठी सुमारे ७.८७ अब्ज युरो मोजले. संयुक्त अरब अमिरातीच्या ८० आणि इंडोनेशियाच्या ४२ विमानांच्या मागण्यांमुळे रांगही लांबली आहे. राफेल सर्वस्वी फ्रेंच आहे असे समजून निश्चिंत राहू नका. राफेलवरच्या स्काल्प या जमिनीवर मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रातल्या एका अमेरिकी भागामुळे २०१८ मध्ये इजिप्तची खरेदी अडकली होती. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षातल्या राफेल पाडल्याच्या दाव्या-प्रतिदाव्यांवरून राफेलला डोक्यावर घेणारे आणि हिणवणारे दोघेही घाई करतात. विमान, जमिनीवरचे रडार, क्षेपणास्त्राचा पल्ला आणि वैमानिकांना मिळालेली मुभा हे सगळे मिळून निकाल ठरतो.

ग्रिपेन ई वेगळ्या हिशेबाने बनले. युद्ध सुरू होताच मोठे तळ उद्ध्वस्त होतील असे स्वीडनने गृहीत धरले, म्हणून विमान महामार्गाच्या ८०० मीटर तुकड्यावरून उडते, आणि एक तंत्रज्ञ व सक्तीच्या सैनिकी सेवेतली पाच मुले ते सुमारे दहा मिनिटांत पुन्हा हवाई लढाईसाठी सज्ज करतात. एकच इंजिन आणि उड्डाणाचे कमाल वजन १६.५ टन असल्याने चालवण्याचा खर्च कमी येतो. ब्राझीलने २०१४ मध्ये ३६ विमाने मागवताना तंत्रज्ञानही घेतले आणि जुळणी घरी आणली. पण इंजिन अमेरिकेच्या जीईचे एफ-४१४ आहे, म्हणजे कुणाला विकायचे यात वॉशिंग्टनला बोलता येते. भार वाहण्यातही ते बाकी दोघांच्या मागे आहे. नवे तळ बांधायला पैसा नाही, पण रस्ते चांगले आहेत आणि शत्रूची क्षेपणास्त्रे जवळ आहेत, असे असेल तर ते कमीपणाचे वाटत नाही.

स्वित्झर्लंडने २०११ मध्ये याच तिघांतून ग्रिपेन निवडले. हवाई दलाच्या फुटलेल्या मूल्यांकन अहवालात राफेल पहिले आणि ग्रिपेन शेवटचे होते, तरी सरकार किमतीकडे झुकले. मे २०१४ मध्ये सार्वमतात ५३.४ टक्के मतदारांनी पैसे द्यायलाच नकार दिला. म्हणजे चाचण्या घेण्याआधी अर्थखात्याशी बसणे बरे. त्याच बैठकीत शत्रूच्या रडारांचा माहितीसाठा विमानाच्या संगणकात तुमचे लोक स्वतः बदलू शकतील का, की प्रत्येक वेळी उत्पादकाकडे जावे लागेल, हेही लेखी मागा. किंमत आणि रांग मान्य असूनही राफेलची कंपनी याला नकार देत असेल, तर ग्रिपेनच्या प्रस्तावाला जास्त गुण द्यायला मी कचरणार नाही.