गुलमर्ग, औली की सोलंग? आधी ठरवा, स्की शिकायचंय की बर्फ बघायचाय

दिवाळी संपली की आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो. "जानेवारीत आठवडाभर रजा आहे, स्कीइंग करायचंय, कुठे जाऊ?" पाच मिनिटांत तीन उत्तरं पडतात आणि तिन्ही ठाम असतात. गुलमर्ग सुचवणारा बहुधा गोंडोलात, म्हणजे तिथल्या केबल कारमध्ये, बसून वर जाऊन आलेला असतो. सोलंग सुचवणाऱ्याने भाड्याचा कोट घालून फोटो काढलेला असतो. औली सुचवणारा चारधामला जाताना जोशीमठला मुक्काम करून आलेला असतो. विचारणाऱ्याला नक्की काय हवंय, हे मात्र कोणीच विचारत नाही.

मी या तिन्ही ठिकाणी पडलो आहे. अगदी अक्षरशः, बर्फात, पायात स्की अडकवून. त्या अनुभवावर हे लिहितोय.

सोलंगपासून सुरुवात करतो, कारण ते लवकर आटोपतं. मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटर, उंची सुमारे २,५०० मीटर. समोर एक रुंद उतार, कडेने वर जाणारा रोपवे. खाली मॅगीच्या टपऱ्या, याक, स्नो स्कूटर आणि "सर, स्की, दस मिनट" म्हणत मागे लागणारी पोरं. ही जत्रा आहे, आणि जत्रा म्हणून गेलात तर मजा येते. माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला तो इथेच. हातात घेऊन बराच वेळ नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "हा तर किसलेल्या खोबऱ्यासारखा आहे."

स्कीसाठी मात्र हा उतार अडचणीचा. निम्म्या उतारावर माणसं चालत असतात आणि उरलेल्या निम्म्यावर घसरत असतात. भाड्याचे बूट मापाचे मिळाले तर नशीब. 'शिकवणं' म्हणजे कोणीतरी तुमची काठी धरून वीस पावलं ओढत नेणार. दुपारपर्यंत बर्फ तुडवला जाऊन खालून चिखल डोकावायला लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून पलीकडे लाहौलमधल्या सिस्सू गावाला जाणाऱ्या गाड्यांची रांगही याच रस्त्यावर असते. डिसेंबर २०२४ च्या नाताळात सोलंग आणि बोगद्याच्या मध्ये शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या, ती बातमी आठवत असेल.

तरी सोलंगला सरसकट हिणवू नका. मनालीची गिर्यारोहण संस्था १९६१ पासून आहे, आता तिला अटलबिहारी वाजपेयींचं नाव आहे. हिवाळ्यात तिचे स्कीचे कोर्स सोलंगलाच चालतात, आणि गर्दीशी त्यांचा फारसा संबंध येत नाही. शेजारच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत ब्राँझ जिंकलं. आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं पदक. म्हणजे इथे शिकता येतं, फक्त पर्यटक म्हणून गेलात तर येत नाही.

औलीचं सगळंच वेगळं. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या डोक्यावर, साधारण २,५०० ते ३,०५० मीटरच्या पट्ट्यात हा उतार आहे. दोन्ही बाजूंना देवदार आणि ओक, मधून मोकळी पट्टी, कडेला चेअरलिफ्ट. समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर. स्वच्छ दिवशी तिच्याकडे बघण्याच्या नादात मी निदान दोनदा आपटलो आहे.

औलीचा खरा गुण असा की उतार जवळजवळ एका नजरेत दिसतो. प्रशिक्षक खाली उभा राहून वरच्याच्या गुडघ्यातली चूक पकडू शकतो. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स इथे चालतात. पहिले दोन दिवस लिफ्टचं नाव काढायचं नाही. स्की घालून आडव्या पावलांनी उतार चढायचा, पडायचं, उठायला शिकायचं, मग स्कीची टोकं जवळ आणून पाचर करायची आणि थांबायचं. पोरांना हे 'पिझ्झा' म्हणून शिकवतात. चाळिशीत शिकताना मला फार अपमानास्पद वाटलं, कारण शेजारून सात-आठ वर्षांची पहाडी मुलं सुर्रकन निघून जात होती. पण तिसऱ्या दिवशी मी स्वतःच्या मर्जीने थांबलो. स्कीत तीच पहिली परीक्षा.

इथे भारत-तिबेट सीमा पोलिसांची स्की संस्था आहे आणि २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धाही झाल्या. त्यामुळे उतार नीट आखलेला आहे. पण तोच एक उतार. ज्याला येतं त्याला तिसऱ्या दिवशी तो पाठ होतो. वर गोरसोंच्या बुग्याळापर्यंत, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कुरणापर्यंत, चालत जाता येतं, पण तो ट्रेक झाला.

दुसरी अडचण बर्फाची. औलीत बर्फ पडला तर छान, नाही पडला तर तपकिरी गवत. कृत्रिम बर्फासाठी तळं बांधलं, यंत्रं बसवली, तरी बर्फाअभावी स्पर्धा पुढे ढकलल्याच्या बातम्या येतच राहतात. यंत्राला पाणी पुरत नाही, थंडीही लागते, आणि ऊबदार हिवाळ्यात नेमकी तीच नसते. म्हणून औलीचं बुकिंग फार आधी करून पैसे अडकवू नका. आणखी एक. जोशीमठहून वर जाणारा तो चार किलोमीटरचा प्रसिद्ध रोपवे जानेवारी २०२३ मध्ये शहर खचायला लागलं तेव्हा बंद झाला. घरांच्या भिंतींना गेलेल्या तड्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. रोपवेच्या भरवशावर बेत आखू नका, रस्त्यानेच जायचं असं धरून चला.

संध्याकाळी औलीत काहीच नसतं. पाच वाजता पर्यटक खाली जोशीमठला उतरतात आणि मग फक्त वारा. खाली नृसिंह मंदिरात घंटा, बाजारात गरम जिलबी, बहुतेक ठिकाणी शाकाहारी जेवण. काहींना हे अळणी वाटेल. मला आवडलं.

आता गुलमर्ग. याला जास्त जागा देणार आहे, कारण गैरसमज इथेच जास्त.

गुलमर्गचा बाजारच सुमारे २,६५० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा हजार मीटर वर आपण चहा पीत असतो. तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, साधारण ३,०८० मीटरवर नेतो. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास. पहिला १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये, आणि त्या दुसऱ्याने गुलमर्गचं नशीब पालटलं. वरून खाली गावापर्यंत तेराशे मीटरची उतरण, तीही कोरड्या, पिठासारख्या भुरभुरीत बर्फात. रशिया, ऑस्ट्रेलिया, युरोपातून माणसं एवढ्यासाठी येतात.

"गुलमर्ग फक्त तज्ज्ञांसाठी" असं म्हणतात, ते अर्धसत्य आहे. गावातलं गोल्फचं मैदान बर्फाखाली गेलं की तिथे इतके सौम्य उतार तयार होतात की देशात नवशिक्यासाठी याहून सोपी जागा मला माहीत नाही. गडबड पुढे आहे. शाळेच्या भाषेत सांगायचं तर गुलमर्गात पहिली-दुसरी आहे आणि एकदम बारावी आहे. मधल्या इयत्तांना कोंगडोरीच्या आसपासचा उतार आणि तिथली चेअरलिफ्ट, संपलं. औलीत नेमक्या चौथी ते सातवी आहेत. म्हणून गोल्फच्या मैदानावर चार दिवस काढून "आता येतं मला" म्हणत दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढणारा माणूस पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो.

कारण वर दोरखंड लावून, रोलर फिरवून तयार केलेला उतार जवळजवळ नाही. गोंडोलाच्या खालचा मुख्य भाग स्की पेट्रोल, म्हणजे उतारावरचं गस्तीपथक, तपासतं, हिमस्खलनाचा धोका असेल तर बंद ठेवतं. त्याच्या डावी-उजवीकडे सगळा उघडा डोंगर. गोंडोला तुम्हाला त्या कड्यावर सोडते, पुढे कुठल्या घळीत उतरायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, पुढच्याच फेब्रुवारीत एक रशियन. हे लोक शिकाऊ नव्हते. हद्दीबाहेर जायचं तर स्थानिक गाइड, बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं, आणि ही तिन्ही वापरता येणारा जोडीदार हवा. सह्याद्रीत वीस वर्षं फिरल्याचा इथे फारसा उपयोग नाही. आपल्याला दगड वाचता येतो, बर्फ नाही.

गर्दीचं गणितही इथे उलटं चालतं. गोंडोलाच्या रांगेत हजार माणसं दिसली तरी त्यातले बहुतेक वर जाऊन, फोटो काढून त्याच डब्यातून खाली येणार. म्हणजे रांग भली मोठी आणि उतार मोकळा. सोलंगला नेमकं याच्या विरुद्ध. गुलमर्गात कसोटी लागते ती तिकीट मिळवण्यात आणि सकाळी पहिल्या डब्यांत जागा मिळवण्यात. तिकिटं ऑनलाइन आहेत, हंगामात आधीच संपतात. जोराचा वारा किंवा मोठी हिमवृष्टी असेल तर दुसरा टप्पा बंद, कधी सलग दोन-तीन दिवस. चार दिवसांच्या सहलीत यातलं काहीच हाताशी लागलं नाही, असंही होतं.

वातावरण? गुलमर्गच्या वाटेवरच्या खालच्या टंगमर्ग गावापासूनच घोडेवाले, स्लेजवाले, बूट-कोट भाड्याने देणारे घेरतात. मोठा बर्फ झाला की तिथेच आपली गाडी सोडून चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी घ्यावी लागते, भाव आधी ठरवा. एकदा 'हा स्कीला आलाय' हे कळलं की मात्र वागणं बदलतं. टंगमर्गचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला गेलेला भारताचा एकमेव खेळाडू होता, आणि इथल्या प्रत्येक प्रशिक्षकाकडे त्याची एक तरी गोष्ट असते. संध्याकाळी बुखारीभोवती (काश्मिरी शेगडीभोवती) ओले मोजे वाळत घालून बसलेले आठ देशांचे लोक, नून चाय म्हणजे खारा काश्मिरी चहा, उद्या वारा पडेल का याची चर्चा. तिन्ही ठिकाणांत स्कीचं गाव म्हणावं असं हे एकच.

सुरक्षेचा प्रश्न घरचे विचारणारच. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात महाराष्ट्रातले सहा जण गेले, तेव्हा आईवडिलांची काळजी उडवून लावण्यासारखी नाही. जायच्या आठवड्यातली परिस्थिती बघा, घरच्यांना पटत नसेल तर औलीला जा. रुसण्यात अर्थ नाही.

तारखांबद्दल आपली, म्हणजे महाराष्ट्रातल्या लोकांची, एक खास पंचाईत आहे. शाळांना सुट्टी नाताळात, आणि बर्फ तर तेव्हा कुठे बसायला लागलेला. काश्मीरचा चिल्लई कलान, कडाक्याचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरूच होतो. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून बर्फ घेऊन येणाऱ्या हवामानाच्या लाटा, एकामागोमाग आले तर जानेवारीत थर साचतो, तोही दरवर्षी नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाभर कोरडं होतं, २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. मुलांच्या परीक्षा नसतील तर २६ जानेवारीची जोडसुट्टी उलटल्यावर निघा, फेब्रुवारीचा मध्य सगळ्यात भरवशाचा. नाताळातच जायचं असेल तर स्कीचा हट्ट सोडा, आजी-आजोबांना घेऊन मनालीला जा आणि जत्रा भोगा.

प्रवासाचं थोडक्यात. श्रीनगर विमानतळावरून गुलमर्ग पन्नास-साठ किलोमीटर, पण धुकं किंवा बर्फाने विमानं रद्द होतात, परतीला एक दिवस राखून ठेवा. औलीसाठी डेहराडूनला उतरून ऋषिकेशमार्गे जोशीमठ, अडीचशे किलोमीटरच्या वर घाटरस्ता, पूर्ण एक दिवस. मनालीला चंदीगड किंवा दिल्लीहून रात्रीची बस. जम्मू-काश्मीरमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही, घरात कोणाचं तरी पोस्टपेड असू द्या.

मला विचाराल तर कधीच स्की न केलेल्याने आधी कोर्स करावा, फक्त ठिकाणाची नाही तर कोर्सची निवड करावी. गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेचा कोर्स मिळाला तर डोळे मिटून घ्या, केंद्र सरकारची संस्था आहे, आणि जागा लवकर भरतात. नाही मिळाला तर औलीचे सात दिवस. एकदा वळता आणि थांबता यायला लागलं की पुढच्या वर्षी पुन्हा औलीला, आणि मग कोंगडोरी. अफरवटचा वरचा टप्पा तिसऱ्या हिवाळ्याआधी नको. माझा चौथा आहे, अजून मी मुख्य भागाची हद्द ओलांडलेली नाही.

आणि हातमोजे दोन जोड न्या. पहिल्या दिवशी सकाळी दहापर्यंत इतक्या वेळा पडता की पहिला जोड पिळून काढायच्या अवस्थेत असतो.