ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट: व्ही८ की क्विकजेएस?

डेस्कटॉप ॲपमध्ये वापरणाऱ्याला छोट्या स्क्रिप्ट लिहू द्यायच्या आहेत, एवढ्यासाठी अख्खा क्रोमियम (क्रोमच्या मुळाशी असलेला ब्राउझर) सोबत पाठवणं म्हणजे सुई न्यायला बैलगाडी. नुसतं इंजिन, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा भाग, पुरतं.

व्ही८ हे गूगलचं, २००८ साली क्रोमबरोबर आलेलं. जेआयटी (चालता चालता कोडचं थेट मशीन कोडमध्ये भाषांतर) असल्यामुळे जड आकडेमोडीत क्विकजेएस त्याच्या जवळपासही येत नाही. पण सी++ प्रोजेक्टमध्ये ते बसवायचं तर सोर्स उतरवण्यापासून बिल्डपर्यंत सगळी हत्यारं गूगलचीच लागतात. त्यात एपीआय (इंजिनशी बोलायची फंक्शन्स) बदलत राहतो, म्हणजे प्रत्येक अपग्रेडला आपल्या कोडची डागडुजी आलीच.

फाब्रिस बेलार आणि चार्ली गॉर्डन यांचं क्विकजेएस २०१९ चं. सी भाषेतल्या मोजक्या फाइली, बाहेरची एकही लायब्ररी नको. तुमच्या बिल्डमध्ये टाका आणि कंपाइल करा. जेआयटी नाही, बाइटकोड (स्क्रिप्टचं मधलं, सुटसुटीत रूप) एकेक पायरीने चालवणारा इंटरप्रिटरच. मेमरीला मर्यादा घालता येते, अनंत लूपमध्ये अडकलेली स्क्रिप्ट इंटरप्ट हँडलरने थांबवता येते. परक्याची स्क्रिप्ट चालवताना मला हे वेगापेक्षा मोलाचं वाटतं. त्रास दोन. पहिला, रेफरन्स मोजणी: प्रत्येक व्हॅल्यू किती जण वापरताहेत याचा हिशेब. सी कोडमध्ये एखादी व्हॅल्यू मोकळी करायची राहिली की मेमरीची गळती सुरू. दुसरा, प्रॉमिसची (नंतर पूर्ण होणाऱ्या कामांची) रांग यजमान ॲपलाच पुढे ढकलावी लागते. ते विसरलात तर अवेटनंतरची (काम पूर्ण होईपर्यंत थांबल्यानंतरची) ओळ कधी चालतच नाही.

डॉम (वेबपानाची रचना), फेच (नेटवरून माहिती आणणं) या ब्राउझरच्या सोयी दोन्ही इंजिनांत नाहीत. फाइल वाचायला क्विकजेएससोबत ऐच्छिक लायब्ररी मिळते; बाकी जे हवं ते आपणच जोडायचं.

मेनू, मॅक्रो, प्लगइन यांसाठी मी डोळे झाकून क्विकजेएस घेईन. सेकंदाला लाखो हिशेब स्क्रिप्टमध्येच करायचे असतील, तरच व्ही८.