जुना वाडा की तीस वर्षांचा फ्लॅट? तपासणीत काय निघालं ते असं वाचा

जुन्या नाशकातला वाडा घ्यावा की कॉलेज रोडकडचा जुना फ्लॅट?

फ्लॅटच्या अहवालात ‘केसासारखी भेग’ दिसली की लोक घाबरतात. ती बहुतेक वेळा प्लास्टरचीच असते. खरी काळजी बाथरूमखालच्या स्लॅबची! पोपडा पडून गंजलेली सळई उघडी दिसत असेल, तर जपून. गंजताना लोखंड फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. वरून रंग मारून ते थांबत नाही. इमारत 30 वर्षांपुढची असेल तर महापालिका कायद्याच्या कलम 265अ प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची अभियंत्याकडून तपासणी) लागतं. सोसायटीकडे प्रमाणपत्र मागाच. टाळाटाळ झाली, तर बयाणा देऊ नका.

वाड्याचा सागवानी खांब मध्ये धडधाकट असतो; कुजतो तो बुडाशी, आणि तुळई भिंतीत शिरते तिथे. पेचकस टोचून बघा, सहज रुतला तर वाळवी किंवा कूज. गोदाकाठी असाल तर निळी-लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा) पाहा, आणि 2008 व 2019 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा.

नोकरदार कुटुंबाला मी फ्लॅटच सुचवेन: सोसायटीत दुरुस्तीचा खर्च वाटला जातो, वाड्याचा सगळा आपल्याच खिशातून.