बाळंतविडा विमानात विणायचा असेल तर: निटप्रोच्या इंटरचेंजेबल सुया

लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या बाईच्या बॅगेत काय असतं हे वेगळं सांगायला नको. मेतकूट, अळीव, डिंकाचे लाडू, धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्यांची दुपटी आणि अर्धवट विणलेला बाळंतविडा. अर्धवटच, कारण नातवाची शाळेची व्हॅन, कुकरच्या शिट्ट्या आणि व्हिसाचे कागद यांच्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांत चार-सहा ओळींपलीकडे काम सरकत नाही. उरलेलं विमानात करू, असं ठरतं. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत थेट विमानालाही पंधरा तासांच्या वर लागतात. एवढ्या वेळात एक टोपडं सहज उतरतं, पण हातात कुठल्या सुया आहेत यावर ते अवलंबून.

घरात वर्षानुवर्षं वापरलेल्या ३५ सेंटीमीटरच्या लांब ॲल्युमिनियमच्या सुया या कामाला निरुपयोगी. इकॉनॉमीच्या खुर्चीत त्यांची मागची टोकं दोन्ही शेजाऱ्यांच्या कोपराला लागतात, आणि एक सुई खुर्चीखाली घरंगळली की विमान उतरेपर्यंत सापडत नाही. सर्क्युलर सुई, म्हणजे लवचिक केबलने जोडलेली दोन आखूड टोकं हवीत, हे बहुतेकींना माहीत असतं. प्रश्न असतो तो साधी घ्यावी की इंटरचेंजेबल, म्हणजे टोकं काढता-घालता येणारी. आमचा कौल इंटरचेंजेबलच्या बाजूने आहे, मात्र दुकानदार पुढे करतो त्या देखण्या मोठ्या संचाच्या बाजूने अजिबात नाही.

निटप्रो ही सुयांची कंपनी भारतातली, म्हणजे आपल्याकडचीच. अमेरिकेत हाच माल बरीच वर्षं निटर्स प्राइड या नावाने विकला गेला, त्यामुळे तिथल्या दुकानात त्या नावाची केबल दिसली तर बिनधास्त घ्या, आटे जुळतात. चियाओगू या दुसऱ्या कंपनीची मात्र घेऊ नका, तिचे आटे वेगळे. निटप्रोत टोकांचे प्रकार पुष्कळ. सिंफनी म्हणजे बर्चच्या लाकडाचे रंगीत पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेली. झिंग ॲल्युमिनियमची, प्रत्येक जाडीला वेगळा रंग. कार्बन्झ काळी, कार्बन फायबरची, टोकाला धातू. बांबूची आहे, ॲक्रिलिकचीही आहे. केबल सगळ्यांना एकच चालते, आणि पैसे वाचतात ते इथे.

केबलच्या पाकिटावरचा आकडा वाचताना हमखास गोंधळ होतो. ८० सेंटीमीटर लिहिलेलं असतं, मोजायला जावं तर केबल भरते ५६. फसवणूक नाही ही. दोन्ही टोकं लावल्यावरची पूर्ण लांबी छापतात, आणि नेहमीचं टोक १२ सेंटीमीटरच्या आसपास असतं. ४० सेंटीमीटरच्या छोट्या केबलला मात्र ही टोकं लावून भागत नाही. वर्तुळ इतकं लहान होतं की टोकं एकमेकांकडे वळतच नाहीत. तिला आखूड टोकांची वेगळी जोडी घ्यावी लागते. बाळाच्या टोपड्यासाठी म्हणून हौसेने ४० ची केबल आणणाऱ्यांचं घोडं नेमकं इथे अडतं.

आता सांध्याविषयी, कारण या सुयांचं बरंवाईट सगळं तिथेच ठरतं. केबलच्या धातूच्या टोकाला एक बारीक भोक असतं आणि पाकिटात वाकवलेल्या तारेची एक चावी येते. टोक आधी हाताने फिरवून बसवायचं, मग चावी भोकात घालून केबल घट्ट धरायची आणि टोक आणखी पाव वेढा पिळायचं. हा पाव वेढा बहुतेक जणी गाळतात. विणताना उजव्या हाताची सुई प्रत्येक टाक्याला किंचित फिरते, ८८ टाक्यांच्या एका फेरीत ८८ वेळा, आणि नुसता हाताने बसवलेला आटा दोन-तीन फेऱ्यांत सैल पडतो. आधी फट दिसते, फटीत लोकरीचा पदर अडकतो, आणि लक्ष गेलं नाही तर टोक सुटून सात-आठ टाके गळतात. सुई खराब निघाली म्हणून तक्रार करण्याआधी चावी वापरली होती का, हे स्वतःला विचारावं. चावी हरवलीच, तर जाड पेपर क्लिप सरळ करून किंवा सेफ्टी पिनने काम भागतं. टोक हातात घसरत असेल तर भांडी घासायच्या रबरी मोज्याचा तुकडा पकडीला घ्यायचा.

आटा बसवताना तिरका बसला आणि तसाच पिळला तर मात्र तो कायमचा बिघडतो. आधी उलट्या दिशेने हलकेच फिरवून आटा जागेवर पडल्याचं बोटाला जाणवलं, की मगच पुढे.

नवी केबल पाकिटात गुंडाळलेली असते आणि ती वळी सोडत नाही. टोकं न लावता केबल मिनिटभर कडकडीत पाण्यात बुडवा, बाहेर काढून दोन्ही बाजूंनी ताणून धरा, गार होईपर्यंत सोडू नका. लाकडी टोकं पाण्यात घालायची नाहीत, लाकूड फुगतं आणि धातूच्या टोपीतला गोंद ढिला होतो.

विमानासाठी या सुयांना पैसे मोजावेत याचं कारण सुरक्षा तपासणीत आहे. अमेरिकेच्या टीएसए या विमानतळ सुरक्षा यंत्रणेच्या यादीत विणकामाच्या सुया केबिनच्या सामानात चालतात, ब्रिटनच्या सरकारी यादीतही चालतात. पण शेवटचा निर्णय समोरच्या अधिकाऱ्याचा, असं टीएसए स्वतःच लिहितं, आणि आपल्या विमानतळावरही तपासणीला बसलेल्या जवानापुढे यादी नाचवून उपयोग नसतो. साधी सर्क्युलर सुई काढून घेतली तर तिच्यावरचं सगळं विणकाम उसवलं म्हणून समजा. इंटरचेंजेबलला दोन टोकं काढायची, केबलच्या दोन्ही बाजूंना पाकिटातली टोपणं फिरवून लावायची, टाके केबलवर जिथल्या तिथे. गेली तर टोकांची एक जोडी जाते. म्हणून टोपणं आणि चावी पर्समध्ये वरच्या कप्प्यात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. टोकांची दुसरी जोडी मोठ्या बॅगेत टाकली की उतरल्यावर काम पुढे चालू. निघण्याआधी विमान कंपनीला एकदा विचारून घ्यावं, आणि मध्ये विमान बदलत असाल तर तिथे पुन्हा तपासणी होऊ शकते हेही धरून चालावं.

कात्री सोबत नेऊच नका. अमेरिकेत खिळ्यापासून चार इंचांपेक्षा कमी पात्याची चालते, ब्रिटनमध्ये पातं सहा सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे हिशेब दर देशाला वेगळा. गळ्यात घालायचं ते गोल लॉकेटसारखं धागा-कटर दिसतं निरागस, पण आत पातं असल्यामुळे टीएसए ते केबिनमध्ये येऊ देत नाही. नखं कापायचं नेलकटर पुरतं. टोपड्यासारखं एका गुंड्यातलं काम निवडलं तर शेवटच्या टाक्यापर्यंत धागा कापायची वेळच येत नाही.

जाडीच्या नंबरांवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण तिकडे गेल्यावर सर्वांत महागात पडणारी चूक हीच. आपल्या घरातल्या सुयांवरचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलटी गंगा, नंबर वाढला की सुई जाड. आपली १० नंबर ३.२५ मिलिमीटरची, तिकडची १० नंबर ६ मिलिमीटरची! आपली ८ नंबर ४ मिलिमीटर, तिकडची ५. सासूबाईंच्या वहीतला ‘१० नंबरवर ८८ टाके’ हा नमुना तिकडच्या १० नंबरवर घातला तर बाळाचं टोपडं बाळाच्या बाबांना होईल, तेही जाळीदार. वहीत प्रत्येक नंबरापुढे मिलिमीटर लिहून ठेवा आणि दुकानात फक्त मिलिमीटर बघा. लोकरीचंही तसंच. आपली फोर प्लाय त्यांच्याकडे साधारण फिंगरिंग या नावाने मिळते. वर्स्टेड लिहिलेली लोकर आपल्या डबल निटिंगपेक्षाही जाड असते. तान्ह्यासाठी घेताना सुपरवॉश लिहिलेली बघा. ती मशिनमध्ये धुता येते, आणि लेकीच्या घरी बाळाची टोपडी कुणी हाताने धूत बसणार नाही हे गृहीत धरा.

मोठा संच नको म्हणतो तो याच हिशेबाने. सिंफनीचा डिलक्स संच ३.५ मिलिमीटरपासून ८ पर्यंत जातो. फोर प्लायच्या बाळकपड्यांना लागते ३.२५, काठाला २.७५, म्हणजे आठ जोड्या विकत घेऊन हवी ती जोडी डब्यात नाहीच. ६, ७, ८ मिलिमीटर जाड शालींना आणि चंकी लोकरीला ठीक, बाळंतविड्याला त्यांचा काय उपयोग? छोट्या संचातही बहुधा मधल्या जाड्या देतात, डब्यावर वाचल्याशिवाय घेऊ नका. सुट्या जोड्या घ्या. ३.२५ ची एक, ४ ची एक, ८० आणि १०० ची एकेक केबल, टोपणांचं एक पाकीट. काठासाठी २.७५ ची साधी सर्क्युलर. जाडी मोजायची भोकांची पट्टी जरूर घ्या, टोकावरचा आकडा वापराने पुसट होतो आणि ३.२५ व ३.५ नजरेला सारख्याच दिसतात.

लाकूड की धातू? विमानात लाकूड. त्यावर टाके थोडे धरून राहतात, जेवणाचा ट्रे आला म्हणून काम घाईने मांडीवर टाकलं तरी सरकत नाहीत, आणि खाली पडलं तर खणखणाट होत नाही. दोष असा, की बारीक लाकडी टोक धातूच्या टोपीला लागून असतं तिथे नाजूक असतं. ३.२५ ची जोडी पर्समध्ये मोकळी टाकून वर पाण्याची बाटली ठेवली तर मोडणारच. टूथब्रशच्या प्लास्टिकच्या डब्यात ती छान बसते. घट्ट हाताच्या बायकांनी मात्र झिंग घ्यावी. घट्ट टाके लाकडावर पुढे ढकलावे लागतात, ॲक्रिलिक लोकर असेल तर जास्तच, आणि आपल्या पावसाळी दमट हवेत तर बोटं दुखून येतात.

१०० च्या केबलवर टोपडं कसं होतं ते सांगतो, कारण बाळाच्या डोक्याएवढं लहान वर्तुळ लांब केबलवर विणता येतं यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. फोर प्लाय, ३.२५ ची सुई, १० सेंटीमीटरला २८ टाके बसतात असं धरून ८८ टाके घाला. ४४ टाक्यांनंतर केबल बोटाने चिमटीत धरून फासासारखी बाहेर ओढा. आता दोन्ही टोकं एकाच दिशेला, प्रत्येकीवर ४४, धागा मागच्या सुईवर. मागची सुई बाहेर ओढायची म्हणजे तिचे टाके केबलवर जातात, आणि त्या मोकळ्या सुईने पुढचे ४४ विणायचे. काम फिरवा, पुन्हा तेच. जोडण्याआधी सगळ्या टाक्यांची घातलेली कड खालच्या बाजूला आहे ना, बघून घ्या. एकदा पीळ पडून जोडलं गेलं की उसवण्याला पर्याय नाही. केबिनच्या मंद दिव्यात ही चूक हटकून होते, तेव्हा पहिल्या दोन ओळी सरळ जाऊन-येऊन विणाव्यात आणि मग जोडावं. राहिलेली बारीक फट शेवटी शेपटीच्या धाग्याने शिवता येते.

दोन सुलट दोन उलट असा काठ ३ सेंटीमीटर, मग सगळं सुलट, एकूण उंची १० होईपर्यंत. घट करताना ९ सुलट, २ एकत्र, असं आठ वेळा, पुढची फेरी साधी, मग ८ सुलट २ एकत्र, याप्रमाणे ८ टाके उरेपर्यंत. धागा त्यांतून ओवून ओढला की झालं. २५ ग्रॅम लोकर पुरते. दोन सुया जिथे भेटतात तिथे शिडीसारखी सैल रेघ पडते, आणि सगळ्या जणी ती घालवायला पहिला टाका आवळतात. आवळायचा असतो दुसरा. पहिला टाका नुसता विणा, दुसरा विणताना धागा ओढा.

सांध्याच्या त्या बारीक भोकाचा आणखी एक उपयोग आहे, आणि पाकिटावर तो कुठे ठळक लिहिलेला नसतो. घट सुरू करण्याआधी भोकातून वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा ओवा, लांब शेपूट ठेवा आणि एक फेरी विणा. दोरा आपोआप सगळ्या टाक्यांतून जातो. दोन्ही टोकांचे टाके असे ओवून घेतले, की पुढे कितीही गोंधळ झाला तरी उसवण त्या दोऱ्यापाशी थांबते. साध्या सर्क्युलरला हेच करायला जाड नेढ्याची सुई आणि अर्धा तास लागतो.

मोज्यांना हीच ३.२५ चालते. टोपड्याला नाडी आणि मोज्याला गोंडे मात्र लावू नका, तान्हं बाळ सगळं आधी तोंडात घालतं. लोकरही मोहेरसारखी केसाळ नको.